जुनी बिलं, चलनं आणि रजिस्टरं स्कॅन करून हिशेबाच्या सिस्टीममध्ये चढवणे : कोणतं सॉफ्टवेअर, कोणती पद्धत?

रकानेवाला
कागदांचे चार ढीग आहेत. पुरवठादारांची छापील खरेदी-बिलं, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं (बरीचशी कार्बन कॉपी), थर्मल पावत्या आणि हाताने लिहिलेली स्टॉक रजिस्टरं. मिळून साठ हजारांच्या आसपास पानं, मजकूर मराठी-इंग्रजी मिसळ. बिलांमधून पुरवठादार, बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम इआरपीमध्ये (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारी सिस्टीम) जायला हवी. चलनं नुसती शोधता आली तरी पुरे. ओसीआर (प्रतिमेतली अक्षरं वाचून मजकूर करणारं) सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? काही ठिकाणी 'नव्व्याण्णव टक्के अचूक' असं लिहिलेलं असतं, ते कितपत खरं धरायचं?

जुना_दप्तरी
सॉफ्टवेअरचा प्रश्न शेवटी घ्या. तुमच्याकडे खरं तर चार वेगळी कामं आहेत आणि चारही एकाच सेटिंगवर ढकलली की चारही बिघडतात. आधी प्रत्येक ढिगासाठी ठरवा : कोणती फील्ड हवीत, ती कोण वापरणार, आणि कागद पुढे किती वर्षं सांभाळायचा. ज्या फील्डवर कुणी कधी शोध घेणार नाही ते भरू नका. प्रत्येक जादा फील्ड म्हणजे साठ हजार वेळा टाइप किंवा तपासणी.

मग तयारी. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेला 'मिनिटाला ४० पानं' हा वेग फक्त एडीएफमधून (कागद आपोआप ओढणारा ट्रे) कागद जाण्याचा असतो. पिना काढणं, दुमडलेले कोपरे उघडणं, चिकटलेल्या पावत्या सोडवणं त्यात धरलेलं नसतं.

पिन एकही राहता कामा नये. ती काचेवर ओरखडा पाडते आणि मग पुढच्या प्रत्येक पानावर एक बारीक उभी रेघ येते. तशीच रेघ काचेवर चिकटलेल्या करेक्शन फ्लुइडच्या किंवा डिंकाच्या कणानेही येते, म्हणून प्रत्येक सत्राआधी काच पुसून एक कोरं पान स्कॅन करून बघा. गठ्ठा ट्रेमध्ये ठेवण्याआधी पंख्यासारखा फुलवून घ्या. फाटके तुकडे आणि अगदी पातळ कार्बन कॉप्या एडीएफमध्ये नकोतच. त्या पारदर्शक कॅरियर शीटमध्ये घाला, नाहीतर सरळ फ्लॅटबेडवर, म्हणजे काचेवर पान ठेवायच्या स्कॅनरवर.

दोन कागद एकत्र ओढले गेले की ओळखायला अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो, तो चालू ठेवा. चिकटवलेली चिठ्ठी किंवा तिकीट आलं की तो फुकटचा थांबतो, म्हणून लोक वैतागून बंद करतात. असे कागद वेगळ्या गठ्ठ्यात काढा आणि सेन्सर फक्त त्या गठ्ठ्यापुरता बंद करा.

बॅच ५० ते १०० पानांची. प्रत्येक बॅचवर क्रमांक आणि हाताने मोजलेली पानांची संख्या. दोन्ही बाजू स्कॅन करत असाल तर कोऱ्या बाजू गाळण्याआधी प्रतिमांची संख्या पानांच्या बरोब्बर दुप्पट यायला हवी. एकही कमी असेल तर बॅच पुढे सरकवायची नाही. सगळ्या कामात याच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

पिक्सेलमोड
स्कॅनिंगच्या सेटिंगबद्दल.

३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), ८-बिट ग्रेस्केल (करड्या छटांत). ए४ पान २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. कॉम्प्रेशनशिवाय ग्रेमध्ये सुमारे ८.७ एमबी, रंगीत २६ एमबी, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात १.१ एमबी. १० पॉइंटच्या इंग्रजी छपाईतलं मोठं अक्षर ३०० डीपीआयला साधारण ३० पिक्सेल उंच येतं आणि टेसरॅक्टसारख्या ओसीआर इंजिनांना तेवढी उंची मानवते. २०० ला खाली गेलात की ६ आणि ८ मधला फरक दोन-तीन पिक्सेलांवर येतो. ६०० केलंत तर फाइल चौपट आणि अचूकता बहुतेक कागदांवर तिथेच. अगदी बारीक छपाईच्या कागदांसाठी ४०० घ्या.

जेपीईजीची क्वालिटी फार खाली नेऊ नका, अक्षरांच्या कडेला जो धूर दिसतो त्याने दशांशचिन्ह आणि स्वल्पविराम सारखेच दिसायला लागतात.

थर्मल पावत्या सगळ्यात आधी स्कॅन करा, कारण त्या रोज फिकट होत असतात. पीव्हीसीच्या फोल्डरमधल्या आणखी लवकर. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने पूर्ण काळ्या पडतात.

साधासरळ
ग्रेस्केल कशाला? काळं-पांढरं आणि ग्रुप ४ कॉम्प्रेशन, एक पान ५०-१०० केबीत बसतं. ओसीआर तरी आतून शेवटी काळं-पांढरंच करतं ना?

पिक्सेलमोड
करतं, पण ते काम त्याला करू द्या. स्कॅनरने एकदा काळं-पांढरं केलं की थ्रेशोल्डखाली (काळं की पांढरं ठरवणारी सीमा) गेलेला निळा शिक्का, पेन्सिलची खूण, कार्बन कॉपीची फिकट सही कायमची गेली. पुन्हा मिळवायची तर पुन्हा कागद शोधा. ग्रे ठेवलं असेल तर तीच प्रतिमा वेगळ्या थ्रेशोल्डने परत चालवता येते. कार्बन कॉपीत पार्श्वभूमी पानभर एकसारखी नसते, तिथे पूर्ण पानाला एकच थ्रेशोल्ड चालत नाही, भागाभागाने ठरवणारी पद्धत लागते.

तुमची पद्धत स्वच्छ लेझर प्रिंटला चालेल. चलनांना नाही.

हॅशटॅगनव्हे_हॅश
कॉम्प्रेशनचा विषय निघालाय तर एक धोका नोंदवून ठेवतो. जेबिग२ (काळ्या-पांढऱ्या प्रतिमांचं एक कॉम्प्रेशन) मध्ये सारखी दिसणारी अक्षरं एकाच साच्याने बदलण्याची सोय आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांमध्ये यामुळे स्कॅन केलेल्या कागदावरचे आकडेच बदलत होते. बांधकामाच्या नकाशावर खोलीचं क्षेत्रफळ २१.११ होतं, ते स्कॅनमध्ये १४.१३ छापून आलं. ओसीआर बंद असताना, नुसत्या प्रतिमेत. आणि अक्षर धूसर नाही, चांगलं ठसठशीत, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली.

तेव्हा जेबिग२ वापरायचं तर लॉसलेसच, म्हणजे प्रतिमेत काहीही न बदलणारं. मल्टिफंक्शन यंत्रात 'कॉम्पॅक्ट पीडीएफ' किंवा 'हाय कॉम्प्रेशन' असं काही दिसलं तर हिशेबाच्या कागदांसाठी बंद.

रकानेवाला
हे माहीत नव्हतं. मग नव्व्याण्णव टक्क्यांचं काय?

तपासनीस
तो आकडा बहुधा अक्षरामागे असतो. तुम्हाला हवंय फील्ड. बिल क्रमांक दहा अक्षरी असेल आणि प्रत्येक अक्षर बरोबर येण्याची शक्यता ०.९९ धरली, तर अख्खा क्रमांक बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.९०. दहातलं एक बिल चुकीचं. अक्षरामागे ९८ टक्के असेल तर ०.८२. चुका प्रत्यक्षात अशा सारख्या पसरलेल्या नसतात, वाईट पानांवर गर्दी करतात. पण विक्रेत्याच्या आकड्याला किती किंमत द्यायची ते यावरून कळावं.

म्हणून ओसीआर कितपत वाचतं यापेक्षा वाचलेलं चुकलंय हे सिस्टीमला कसं कळतं, ते पाहा. बिलाच्या बाबतीत सुदैवाने गणित हाताशी असतं :

– नग × दर = ओळीची रक्कम, प्रत्येक ओळीला
– ओळींची बेरीज + कर ± राउंड ऑफ = एकूण
– आकड्यातली रक्कम = अक्षरी रक्कम (छापलेली असेल तर)
– बिलाची तारीख स्कॅनच्या तारखेनंतरची नको, आणि ऑर्डरच्या आधीची नको
– पुरवठादाराच्या नोंदणी क्रमांकात चेक डिजिट (बाकीच्या अक्षर-अंकांवरून काढलेला तपासणीचा अंक) असेल तर तो जुळला पाहिजे
– खरेदी ऑर्डरचा क्रमांक सिस्टीममध्ये आधीपासून असला पाहिजे

हे सगळं जुळलं तर बिल माणसाकडे न जाता पुढे. एक जरी अडलं तर माणसाकडे, आणि पडद्यावर त्याला अख्खं पान नाही तर त्या फील्डचा कापलेला तुकडा दिसला पाहिजे.

बिल क्रमांकाला गणित लागू होत नाही, तिथेच चुका लपतात. ० आणि ओ, ५ आणि एस, १ आणि आय. पुरवठादारागणिक क्रमांकाचा साचा ठरलेला असतो (चार अंक, तिरकी रेघ, दोन अंक वगैरे). तो साचा नोंदवून ठेवा आणि न बसणारे बाजूला काढा. साचा नसेल तर दोघांनी एकमेकांचं न बघता टाइप करायचं आणि मशीनने ताडायचं.

एक नेहमीची गंमत. तक्त्याची उभी रेघ आकड्याला चिकटून छापली असेल तर ओसीआर ती १ म्हणून वाचतं आणि १,२५० चे ११,२५० होतात. ओसीआरआधी रेघा काढून टाकण्याची पायरी घाला. आणि बिल दोन पानांचं असेल तर पहिल्या पानाच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला जी 'पुढील पानावर' किंवा 'मागील पानावरून' रक्कम असते, ती मालाची ओळ समजून बेरजेत घेतली जाते. ती ओळ शब्दावरून ओळखून वगळावी लागते.

साधासरळ
इंजिन स्वतःच प्रत्येक शब्दाला कॉन्फिडन्स, म्हणजे खात्रीचा गुण, देतं की. ९० च्या खाली असेल ते माणसाकडे पाठवा, झालं.

तपासनीस
तो गुण म्हणजे बरोबर असण्याची टक्केवारी नव्हे. रेघेचा १ झाला तेव्हा इंजिनाला काहीच शंका नव्हती, रेघ छान स्पष्ट होती! तुमच्याच कागदांतली काहीशे पानं हाताने बरोबर भरून घ्या, मग कोणत्या गुणाखाली किती चुका पडतात ते मोजा आणि सीमा ठरवा. ही सीमा ढिगागणिक वेगळी येईल. रकमेच्या फील्डला तर मी गुण बघूनच सोडणार नाही, बेरीज जुळली तरच.

शिरोरेखा
मराठी मजकुराचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून.

टेसरॅक्टला मराठीचा डेटा वेगळा आहे, हिंदीचा वेगळा. मराठी लावलात तर ळ आणि 'ऱ्या'सारखी रूपं जास्त बरी येतात. इंग्रजीही पानावर असेल तर दोन्ही लावा, पण आकड्यांच्या फील्डला मिसळ नको. देवनागरी १ चा ९ होतो, ० चा टिंब होतो. त्या तेवढ्या चौकटीसाठी वेगळी फेरी घ्या, एका ओळीच्या मोडमध्ये, फक्त अंकांची परवानगी देऊन. ही परवानगी-यादी ४.० मधल्या नव्या इंजिनात चालत नव्हती, ४.१ पासून चालते.

नेहमीच्या चुका : 'ख'चं 'रव', अनुस्वार गळणं, 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध'. डॉट मॅट्रिक्सवर शिरोरेखा तुटलेली असते, तिथे शब्दच तुटतात. थोडं ब्लर देऊन मग थ्रेशोल्ड केलं तर ठिपके जुळतात.

पुढचा त्रास शोधाचा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र आलं. त्याआधीपासून लोक 'अ' आणि वर चंद्र असे दोन कोड जोडून 'अॅ' लिहीत आले. डोळ्याला सारखं, मशीनला वेगळं, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगळे कोड एकसारखे करणं) हे दोन एक करत नाही. 'ॲल्युमिनियम' शोधलं तर निम्मी बिलं सापडणार नाहीत. तसंच शब्दात दडलेले झीरो-विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारी-तोडणारी न दिसणारी चिन्हं. शोधाच्या इंडेक्समध्ये मजकूर टाकताना स्वतःचा बदल-तक्ता लावा आणि शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दालाही तोच लावा. मूळ मजकुराला हात लावू नका. अंकांनाही हेच : इंडेक्समध्ये सगळे अंक एकाच लिपीत.

हॅशटॅगनव्हे_हॅश
+१. बदल-तक्त्यात 'र्‍य' आणि 'ऱ्य' पण घाला, तिथेही दोन पद्धतीने कोड पडतात.

जुना_दप्तरी
आता सॉफ्टवेअर. दोन जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक, कागद साठवून शोधून देणारी. पेपरलेस-एनजीएक्स हे मुक्त स्रोतातलं. ठरलेल्या फोल्डरमधून फाइल उचलतं, ओसीआरमायपीडीएफ या साधनामार्फत टेसरॅक्ट चालवतं, मूळ फाइल आणि शोधता येणारी पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) प्रत दोन्ही ठेवतं. तुमच्या चलनांना हे पुरे. पण बिलातल्या ओळी काढून इआरपीत घालणं हे त्याचं काम नाही. तारीखसुद्धा मजकुरात आधी जी सापडेल ती घेतं, त्यामुळे देय तारीख वर छापलेली असेल तर तीच बसते.

दोन खाचखळगे. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये नवी फाइल आल्याची सूचना लिनक्सला मिळत नाही, तिथे पोलिंग (ठरावीक वेळाने फोल्डर स्वतः तपासणं) चालू करावं लागतं. नाहीतर फाइली पडून राहतात आणि चूकही दिसत नाही. दुसरं, डुप्लिकेट ते फाइलच्या चेकसमवरून (बाइटांवरून काढलेली ओळख-संख्या) ओळखतं. तोच कागद दुसऱ्यांदा स्कॅन केला तर बाइट वेगळे पडतात, म्हणजे नवीनच कागद.

दुसरी जात कॅप्चरची. बॅच, प्रकार ओळखणं, फील्ड काढणं, पडताळणीचा पडदा, निर्यात. बिलांना हे लागेल, विकतचं घ्या किंवा जोडून बनवा. घेताना मागे लागून तपासायच्या गोष्टी : पडताळणीचे नियम आपल्याला स्वतः लिहिता येतात का, प्रत्येक फील्डची पानावरची जागा निर्यातीत येते का, कुणी कोणतं मूल्य कधी बदललं ते राहतं का, आणि करार संपल्यावर प्रतिमा व डेटा एकत्र बाहेर काढता येतो का. डेमो तुमच्याच सगळ्यात वाईट शंभर कागदांवर मागा. त्यांच्या नमुना बिलांवर सगळेच पहिले येतात.

कागदपत्रं वेगळी करायला प्रत्येकाच्या आधी बारकोडचं विभाजक पान घाला. त्या पानांना अनुक्रमांक असू द्या. विभाजक दुसऱ्या पानाला चिकटून गेला तर दोन बिलं एक होतात, आणि क्रमांकात ३७ नंतर ३९ आला तर लगेच कळतं. कोरी पानं गाळण्याची सीमा सैल ठेवा. मागच्या बाजूला फक्त एक सही असलेलं चलन सॉफ्टवेअरला कोरंच वाटतं.

नवीनआहे_इथे
एवढं सगळं कशाला? हल्लीच्या एआय मॉडेलला पानाचा फोटो दिला की सगळी फील्ड नीट बाहेर येतात. साचे बनवायलाही लागत नाहीत.

तपासनीस
येतात, आणि वेगवेगळ्या मांडणीच्या बिलांना ते खरंच कामाचं आहे. अडचण चुकीच्या जातीची आहे. जुनं ओसीआर चुकलं की '१२#५०' असं काहीतरी कचरा देतं, तो दिसतो. मॉडेल चुकलं की सुबक, शक्य वाटणारं मूल्य देतं. छापील बेरीजच चुकलेली असेल तर काही वेळा ती दुरुस्त करून देतं! पुसट अंक अंदाजाने भरतं, पुरवठादाराचं अर्धं नाव पूर्ण करतं.

वापरायचं तर अटी घाला. पानावर नसेल ते रिकामं ठेवायला सांगा. प्रत्येक मूल्याबरोबर ते पानावर जसं छापलंय तसं अक्षरशः मागा आणि ती अक्षरं स्वतंत्र ओसीआरच्या मजकुरात सापडतात का ते कोडने ताडा. सापडली नाहीत तर माणूस. वर दिलेल्या गणिताच्या तपासण्या मॉडेलकडून करून घेऊ नका, त्या साध्या कोडमध्येच असू द्या. कोणती आवृत्ती आणि कोणती सूचना वापरली हे प्रत्येक नोंदीबरोबर ठेवा, उद्या आवृत्ती बदलली की निकाल बदलतात. आणि पानं बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायला तुमच्या करारांमध्ये परवानगी आहे का, हे आधी बघा.

जोडारी
इआरपीच्या बाजूने लिहितो.

थेट मुख्य तक्त्यात काही घालू नका. मध्ये एक स्टेजिंग, म्हणजे तात्पुरता, तक्ता हवा : दस्तऐवजाचा आयडी, बॅच, वाचलेलं मूल्य, दुरुस्त मूल्य, स्थिती, चुकीचं कारण. पुढे सरकवण्याची क्रिया दोनदा चालली तरी नोंद एकदाच पडली पाहिजे. त्यासाठी पुरवठादार कोड + बिल क्रमांक + आर्थिक वर्ष यावर युनिक की. बिल क्रमांक दोन रूपांत ठेवा, छापल्याप्रमाणे आणि तुलनेसाठी साफ केलेला (रेघा, मोकळ्या जागा, सुरुवातीची शून्यं काढून). पुरवठादार नावावरून जुळवू नका, नोंदणी क्रमांकावरून जुळवा. नावं 'अँड', 'आणि', '&' अशी तीन प्रकारे येतात.

सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी फाइल) मधल्या मधे एक्सेलने उघडून सेव्ह केली की संपलं. सुरुवातीची शून्यं जातात, पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात, ०३/०४ ची तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे उलटी होते. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवा. बघायचीच असेल तर डेटा इम्पोर्टमधून सगळे रकाने 'टेक्स्ट' करून उघडा.

स्कॅनर फोल्डरमध्ये लिहीत असतानाच इम्पोर्टने फाइल उचलली तर अर्धी पीडीएफ जाते. फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची, मग त्याच डिस्कवर नाव बदलायचं. इआरपीच्या नोंदीत फाइलचा पाथ ठेवू नका, आयडी ठेवा. सर्व्हर बदलला की पाथ मरतात.

रकानेवाला
हस्तलिखित रजिस्टरांचं कुणी बोललं नाही. आणि स्कॅन झाल्यावर कागद कधी फाडता येतील?

शिरोरेखा
मराठी जोडाक्षरांच्या हस्ताक्षराला ओसीआर लावून आकडे सिस्टीममध्ये घालू नका. पान वरून टांगलेल्या कॅमेऱ्याने किंवा बुक स्कॅनरने घ्या, बांधणी सोडू नका. प्रत्येक पानाला रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक, पहिली आणि शेवटची तारीख एवढंच इंडेक्स हाताने भरा. लागणारं पान दोन-तीन क्लिकवर मिळतं. शिल्लक साठ्याच्या आकड्यांची खरोखर गरज असेल तर तेवढा एकच रकाना दोघांकडून टाइप करून घ्या. जमा-खर्चावरून शिल्लक जुळते का, हीच तपासणी.

जुना_दप्तरी
कागद नष्ट करण्याआधी तीन गोष्टी. कायदा त्या प्रकारच्या कागदाची स्कॅन प्रत मूळाऐवजी मानतो का, हे वकिलाकडून किंवा लेखापरीक्षकाकडून लेखी घ्या. मुद्रांकित करार आणि मूळ सहीचे कागद बहुधा वेगळेच ठेवावे लागतात. दुसरं, कामाची पद्धत लेखी असू द्या, कोणत्या सेटिंगवर, कोणी, कधी, कोणती तपासणी केली. यासाठी आयएसओ १३०२८ हे २०१० चं मार्गदर्शक वाचण्यासारखं आहे. तिसरं, नमुना तपासणी. यादृच्छिक ३०० पानं कागदाशी ताडली आणि एकही चूक निघाली नाही, तर चुकांचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं, त्याहून जास्त नाही. नमुना ढिगागणिक वेगळा काढा. स्वच्छ बिलांच्या नमुन्यावर कार्बन कॉप्या पास करू नका.

हॅशटॅगनव्हे_हॅश
आणि फाइल पीडीएफ/ए-२ मध्ये, प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश (चेकसमसारखीच ओळख-संख्या) स्कॅन झाल्याबरोबर नोंदवून. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. बॅकअपमधून पन्नास फाइली परत काढून हॅश जुळतात का ते बघा, मगच श्रेडर चालू करा.

रकानेवाला
ठीक. थर्मल पावत्यांपासून सुरू करतो. त्या ए४ वर चिकटवून एडीएफमधून घातल्या तर चालेल का?

जुना_दप्तरी
नको. डिंकाने आणि टेपने थर्मल छपाई उडते, शिवाय कडा रोलरमध्ये अडकतात. कॅरियर शीटमध्ये दोन-तीन एकदम घाला आणि सॉफ्टवेअरमध्ये 'मल्टी क्रॉप' चालू करा, प्रत्येकीची वेगळी प्रतिमा येईल. पावत्या एकमेकींना टेकू देऊ नका, मध्ये बोटभर जागा सोडा.